पहिली बाटली

धम्मदीक्षेच्या वर्षी मी आणि माझी थोरली बहीण कळंबहून एकाच ट्रकात उभ्यानं नागपूरला गेलो होतो. दोघींची पांढरी लुगडी, दोघींच्या तोंडी तीच पाच शीलं. चौथं खोटं न बोलण्याचं. हे आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

पाच-सहा वर्षांनी मला मुलगी झाली. बाळंतपणात रक्त फार गेलं. दूध आलंच नाही, पाळी बंद झाली, चैत्रातही थंडी वाजायची. घटकाभर कापूस वेचला की भोवळ यायची. सासू म्हणायची, "सोंग करून राह्यली."

नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र ऐकून घेतलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते, म्हणाले. "बैल धडधाकट, पण हाकणाराच निजला, तर गाडी चालेल का?" तपासायचं असं: पहिल्या दिवशी सुई नाही, नुसती चोवीस तासांची लघवी बाटलीत जमवायची. मग हाकणाऱ्या ग्रंथीच्या रसाच्या सुया देऊन रोज एकेक बाटली. लघवीत उतरणारा बाकीच्या ग्रंथींचा रस पहिलीत कमी आणि पुढच्यांत जास्त निघाला, तर दोष हाकणाऱ्याचा. मग गोळ्या मिळणार. मला गोळ्यांपेक्षा सोंग नसल्याचा तो कागद हवा होता.

सोबतीला बहीण आली. भांडं बाटलीत ओतायचं काम तिचं.

कागद आला. पहिल्या बाटलीतही सगळं ठीक! डॉक्टर म्हणाले, पुन्हा तपासू. नवऱ्यानं पुन्हा पाठवलंच नाही. सासूनं गल्लीभर सांगितलं. पुढची तीन वर्षं मी धापा टाकत वेचणी केली आणि 'कामचुकार' ऐकलं. बहीण सणावारी यायची, तेही ऐकायची, माझ्या विरळ केसांना तेल लावायची आणि गप्प बसायची.

मग एका तापात मी बेशुद्ध पडले. यवतमाळच्या दवाखान्यात शुद्धीवर आले, तर ती पायाशी रडत होती.

"ते पयली बाटली माह्या हातून सांडली होती वं. सिस्टर रागावन म्हून म्या माहीच लघवी भरून ठेवली."

"तीन वर्सं काहून नाही बोलली?"

"तुले राग यीन म्हून."

लघवी ती काय, त्यातही दगा! मी म्हटलं, "माह्या सासूले सांग."

"लोक काय म्हन्तीन मले?" म्हणाली, आणि तोंड पुसून एसटी धरायला निघून गेली.

दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा बाटलीला मी कुणाला हात लावू दिला नाही. पहिलीत रस जवळजवळ नव्हताच, पुढच्यांत वाढत गेला. गोळ्या सुरू झाल्या, थंडी गेली. कागद सासूपुढे ठेवला. त्या दिवसापासून ती वेचणीला चल म्हणाली नाही.

बहिणीला मी अजून माफ केलेलं नाही. पौर्णिमेला आम्ही शेजारी बसून पंचशील म्हणतो. चौथं आलं की मी थांबते आणि नुसता तिचा आवाज ऐकते. ती न अडखळता म्हणते.