स्मरणिकेतलं एक वाक्य

आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघायची होती. मी त्याच शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून गावच्या इतिहासाचं काम माझ्याकडे आलं. जुनी बारव, गढी, निजामाच्या काळातला आठवडी बाजार, तुरुंगात गेलेली दोन माणसं, सगळं जमवलं. रझाकारांच्या दिवसांबद्दल मी लिहिलं, 'गावातल्या बायका-लेकरांनी पंधरा-वीस दिवस जंगलात आसरा घेतला.'

ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. आई तेव्हा आठ वर्षांची. घरातल्या बायकांबरोबर ती टेकडीपलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहिली. तिथल्याच भाकरी खाल्ल्या, तिथल्याच एका मुलीच्या गोधडीत झोपली. परत आल्यावर घरच्यांनी बजावलं, जंगलात होतो म्हणायचं. तांड्यावर जेवलो हे कळलं तर पोरींची लग्नं अडतील. आईनं मला हे शेवटच्या आजारपणात सांगितलं, तेही दार लोटून घ्यायला लावून. आता कुणाचं लग्न अडणार नव्हतं. तरी मी जंगलच लिहिलं. भावकीत उगाच चर्चा नको, एवढंच कारण.

प्रकाशनाला तांड्यावरची माणसंही आली होती. एका शिक्षकानं ते पान मोठ्यानं वाचलं. मागच्या रांगेतून एक म्हातारी सुनेचा खांदा धरून उठली.

"गुरुजी, जंगल कोन्तं? आमच्या घराला जंगल म्हणून राहिले का?"

खरं बोलायला तीच वेळ होती. मी म्हणालो, "मावशी, कागदोपत्री तसा पुरावा नाही."

"कागद काहून पाहता? तुमच्या मायला ईचारा. माझ्याजवळ निजायची ती."

"आई गेली, मावशी. दोन वर्षं झाली."

ती खाली बसली. "मला कुनी सांगितलं बी न्हाई," एवढंच म्हणाली. आई गेल्याचा निरोप मी पार नांदेड-परभणीपर्यंत धाडला होता. तांडा तर चालत तासाभरावर.

मग सत्कार झाले. मला शाल मिळाली आणि मी ती मुकाट्यानं पांघरून घेतली.

तांड्यावर जायला मला महिना लागला. प्रतींत चिकटवायला दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली होती, ती म्हातारीला वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं.

"माझ्या बापाचं नाव कुठाय? तांड्यातले बाकीचे भेऊन नको म्हणत होते. त्यानं ठेवून घेतलं तुमाला."

मला ते नाव माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. नीट कसं लिहायचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला काय ईचारता गुरुजी? मी कवा शाळंत गेले?" मग सुनेनं कागदावर लिहून दिलं आणि चहा ठेवला.

नाव घालून चिठ्ठ्या छापल्या. हाती लागल्या तेवढ्या प्रतींत चिकटवल्या. बाकीच्या घरोघर गेल्या होत्या, त्यांत अजून जंगलच आहे. माझ्या चुलतभावानं त्याच्या प्रतीतली चिठ्ठी माझ्यासमोर ओरबाडून काढली.