तेल प्यालेला दगड

"आधी हात लाव. डोळे मगे."

तिच्या शेडमध्ये कोणीही आलं, की पहिलं वाक्य हेच. नुसतं म्हणून थांबायची नाही. तुमचं मनगट धरून तळहात दगडावर टेकवायची. पंचायतीचा माणूस असो, माशांची पाटी घेऊन निघालेली माझी आई असो, सगळ्यांना एकच नियम. आईचे हात ओले असायचे. आई म्हणायची, "गो, माशाचो वास लागतलो दगडाक." ती म्हणायची, "लागांदे."

मी तिला आते म्हणायचे. नात्याने नव्हे, शेजाराने. आमच्या घरामागे तिची माडांची बाग आणि बागेत पत्र्याची शेड. मुंबईत शिल्पकला शिकून, तिथेच बरीच वर्षं काम करून ती गावात परत आली होती. गावाला वाटलं, आता गणपतीच्या मूर्ती करील. तिने जांभ्या दगडात नटबोल्ट कोरायला घेतले.

जांभा तुम्ही पाहिला असेल. लाल, सच्छिद्र, घरांच्या भिंतींना लागतो तो. त्यात बारीक काम होत नाही, कड ठेवायला गेलं की भुगा पडतो. पाथरवटांनी तिला तसं सांगितलं होतं. तिने त्याच दगडात बोटीचे पंखे कोरले, दातेरी चाकं कोरली. कडा तुटायच्या. तुटलेली कड ती तशीच ठेवायची. "खऱ्या चाकाचे दात झिजनत नाय काय?" असं विचारायची आणि पुढच्या दाताला छिन्नी लावायची.

किनाऱ्यावरचे लोक शेडच्या दाराशी उभे राहून चेष्टा करायचे. एकदा एकाने विचारलं, "गो बाय, हेच्यात डिझेल खंय घालूचा?"

आतेने मान वर न करता सांगितलं, "तुझ्या तोंडात घाल. तू तरी चलशीत."

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मराठीच्या सरांनी गावातल्या एका कलावंतावर लिहून आणायला सांगितलं. मी वहीत दहा प्रश्न लिहून शेडमध्ये गेले. पहिला प्रश्न होता, 'आपल्या कलेमागील प्रेरणा कोणती?' मी तो मोठ्याने वाचला. आतेने वही माझ्या हातातून घेऊन मिटली.

"समुद्राची चित्रां सगळे काढतत," ती म्हणाली. "तुमका पोसता कोण? ता इंजिन. तेचा तोंड कधी कोणी बघल्यान?"

आमच्या होडीचं इंजिन मी जन्मापासून पाहत होते आणि ते कसं दिसतं हे मला सांगता आलं नसतं. मला त्याचा वास तेवढा माहीत होता, कारण तो बाबांच्या अंगाला यायचा. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या कामाच्या रकान्यात मी 'व्यवसाय' एवढंच लिहिलं होतं.

त्या वर्षी आते आमच्या होडीतून पाण्यावर जाऊ लागली. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. बाई होडीत घेतली म्हणून दोघा खलाशांनी तोंडं वाकडी केली. आतेने तिकडे लक्षच दिलं नाही. ती इंजिनाशेजारी बसायची. बिघाड ऐकायला बाबा लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचे. आतेने ते पाहिलं आणि तीही तासन्‌तास तशी काठी लावून बसू लागली. बाबा घरी येऊन म्हणायचे, "बिघाड नसताना इंजिन आयकणारा माणूस मी पयल्यांदाच बघतंय."

मग तिने आमचं इंजिन दगडात घेतलं. अख्खं, मूळच्या दुप्पट मोठं. मालवणच्या जेटीजवळच्या चौकात शिल्प बसवायचं ठरलं होतं आणि चौकाचं काम बघणाऱ्या समितीने आतेला विचारलं होतं. चार महिने छिन्नीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येत होता. पूर्ण झालं तेव्हा तिने पहिल्यांदा बाबांना बोलावलं. समिती दोन दिवसांनी येणार होती.

बाबा शेडमध्ये गेले तेव्हा मी बरोबर होते. तिने सांगायच्या आधीच बाबांनी दगडावर हात ठेवला. डोळे मिटले. हात चाकावरून वर गेला, एका जागी थांबला.

"ह्यो तिसरो बोल्ट झिजलेलो. ह्या आमचाच."

आणि मग बाबांनी जे केलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायला आठवडा होता. त्या दिवसांत बाबांच्या खिशात तेलाची छोटी बुधली असायची. बोल्ट तपासला की त्यावर तेल सोडायचं, ही तीस वर्षांची सवय. हाताने बुधली काढली, झाकण उघडलं आणि दगडी बोल्टवर तेल सोडलं.

जांभ्याने ते क्षणात पिऊन टाकलं. लाल दगडावर पंजाएवढा काळा डाग उमटला आणि खाली ओघळत गेला.

बाबांनी डोळे उघडले. "मेलंय मी," ते पुटपुटले. खांद्यावरच्या पंच्याने पुसायला गेले तर डाग आणखी पसरला.

मी घरी पळाले. साबणाचा चुरा, घासणी आणि बादलीभर पाणी घेऊन आले. माझे कान तापले होते. समिती येणार, शिल्प बघायला कॉलेजचे सरही येणार, आणि सगळे विचारणार हे कोणी केलं. मी घासायला बसले. आतेने माझ्या हातातली घासणी काढून घेतली आणि बादली माडाच्या मुळात ओतली.

"तुका लाज कसली वाटता गो? तेलाची, काय बापाशीची?"

बाबा तिथेच उभे होते. मी खाली पाहत राहिले.

"चार म्हयने मी दगड कोरलंय," आते म्हणाली. "आज तेचा इंजिन झाला. डाग रवतलो."

समिती आली. कचेरीतल्या माणसांपुढे आम्ही सगळे मराठी सांभाळून बोलतो. आते त्यांच्याशीही मालवणीतच बोलली. अध्यक्षांनी शिल्पाला फेरी मारली. "मॅडम, सुंदर आहे. हा डाग तेवढा काढा. आणि वर एक डॉल्फिन बसवला, तर पर्यटकांना फोटो काढायला बरं पडेल."

"डॉल्फिनाक इंजिन लागणा नाय," आते म्हणाली.

अध्यक्ष हसले. आते हसली नाही. "डागासकट न्हेवा, नायतर हयच ठेवा."

"डागासकट चौकात ठेवता येणार नाही, मॅडम."

"मगे च्या पिया आणि जावा."

त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. नंतर त्या चौकात रंगवलेला डॉल्फिन बसला. तो तुम्ही बहुधा पाहिला असेल.

इंजिन शेडमध्ये राहिलं नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी बाबा दहा-बारा जणांना घेऊन आले. डिझेल खंय घालूचा म्हणणारा त्यात होता. होडी ओढतात तसे खाली ओंडके टाकले, दोर बांधला, हाळी दिली आणि वाळूतून ओढत ते आमच्या होड्या लागतात तिथे नेऊन चिऱ्यांच्या चौथऱ्यावर बसवलं. आते दोर धरून सगळ्यांत पुढे होती. दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ दिल्यावर प्रत्येक तांडेलाने आपल्या इंजिनात तेल घातलं आणि उरलेले चार थेंब दगडावर सोडले. कोणी सांगितलं नव्हतं.

आते गेल्या वर्षी गेली. शेडला कुलूप आहे. माझं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. सरांनी दिलेलं ते लिखाण मी तेव्हा पुरं केलं नव्हतं, ते हे.

मागच्या महिन्यात तारकर्लीला आलेलं एक कुटुंब चालत आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. मी जाळ्यातले मासे काढत होते. त्यातल्या बाईंनी इंजिनाकडे पाहून हळहळत विचारलं, "किती छान काम आहे! यावर तेल कोणी सांडलं हो?"

"पहिलं माझ्या बाबांनी घातलं," मी म्हटलं.

मी ओल्या हातानेच त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळहात तिसऱ्या बोल्टवर टेकवला.