अर्धी नही, पुरी

वृषाली पाचोरा–भडगाव बसवर कंडक्टर आहे. तिचे बारीक डोळे आणि गोरा, रुंद चेहरा पाहून नवे प्रवासी हिंदीत विचारतात, "नेपाल से हो?" ती तिकीट फाडत म्हणते, "नही वो माय, पाचोरानी शे!" मग अख्खी बस हसते.

तिचे वडील भिकन सीमा सुरक्षा दलात होते. मेघालयात नेमणूक असताना त्यांनी खासी समाजातल्या इबाशी लग्न केलं. निवृत्तीनंतर दोघं पाचोऱ्याला आली. आता इबा सासूशी, लिलाबाईशी, अहिराणीतच भांडते.

गेल्या हिवाळ्यात नरडाण्याच्या प्रेमराजशी वृषालीचा साखरपुडा ठरला. शिलाँगहून मामा डोनबोकही आले. बुद्धवंदना झाली, चहा आला आणि मुलाचे आजोबा, हिलालआबा, यांनी सहज विचारलं, "पोर बापनी का मायनी? सांगू काय लोकेसले?"

इबाने भावाला ते खासीत समजावलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "हमारे यहाँ बच्चा माँ के कुल का होता है. वृषाली हमारी है."

भिकनचा चेहरा उतरला. नरडाण्याची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात लिलाबाई पदर सावरत म्हणाली, "मंग ते चांगलंच शे. म्हणजे हिना पोरेसोरेबी आमनाच. तुमले काही भेटाव नही!"

"ओ अक्का, अशी कशी!" आबा दचकले. "अर्धा तरी आमले द्या!"

हशा पिकला. वृषाली मात्र हसली नाही. लहानपणापासून कुणी विचारलं की ती 'अर्धी खासी, अर्धी खानदेशी' असंच सांगत आली होती. आज आबांच्या तोंडून तो शब्द ऐकून तिला तो एकदम अपुरा वाटला.

"आबा," ती म्हणाली, "मी अर्धी नही. मायनीबी पुरी शे, बापनीबी पुरी शे. तुमले सून भेटी ती दोन्हीकडनी भेटी."

आबा लगेच म्हणाले, "मंग आम्हीच फायदामा शेत!"

भिकनने डोळे पुसले. इबाने सगळ्यांना पुन्हा चहा ओतला.

त्याच हिवाळ्यात लग्न पाचोऱ्यातच लागलं. पांढऱ्या साडीतल्या वृषालीला मामांनी हात धरून आणलं. दुसऱ्या दिवशी आबा त्यांना आपलं शेत दाखवायला घेऊन गेले. आबांची हिंदी मोडकी, मामांना अहिराणीचा गंध नाही. तरी दोघं दुपारपर्यंत बांधावर बसून होते. खासी लोक पाहुण्याला देतात ती अंग तापवणारी कच्ची सुपारी मामांच्या खिशात होती; तिने आबांना भर थंडीत घाम फुटला होता आणि ते आणखी एक मागत होते.