कुवेतहून आलेलं घड्याळ

आखाती युद्धाचे ते दिवस मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखेच आठवतात. सौदीतल्या अल-खोबरच्या इस्पितळातली आमची लॅब, खिडक्यांच्या फटींवर चिकटवलेल्या रुंद पट्ट्या, आणि काचेतून झिरपणारा पिवळट, आळसावलेला उजेड. पेशंट फिरकत नव्हते. भोंगा झाला की आम्ही गॅसचे मास्क चढवून जिन्याखाली बसायचो, धोका टळला की परत वर येऊन चहा प्यायचो. बाकीचा वेळ माझ्या मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचांऐवजी घड्याळं असायची.

जुन्या मनगटी घड्याळांचं मला भारी वेड. नवरा रास तनुराच्या रिफायनरीतून सुट्टीला आला की म्हणायचा, "बाईसाहेब, एवढी घड्याळं घरात, आणि वेळ विचारायची ती शेजाऱ्यांना!" हसेना का. मला चीड होती ती फक्त रंगवलेल्या तबकडीची. तबकडी डागाळली की ती खरवडायची, नवा रंग फासायचा, वर अक्षरं उमटवायची आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. छे! मला नाही कुणी फसवू शकलं. मूळ अक्षरांच्या कडा रेखीव असतात, रंगवलेली अक्षरं फुगतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. दुकानात उभ्या उभ्या मी "हे रंगवलंय" म्हणून घड्याळ परत सरकवायचे, आणि मला त्याचा गर्वही होता.

इस्पितळासमोर रत्नागिरीकडच्या एका भाईंचं अत्तराचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ कुवेतला होता आणि ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. एके दुपारी भाई रुमालाची गाठ सोडत लॅबमध्ये आले. आत एक जुनं स्टीलचं घड्याळ होतं. सरहद्दीकडून आलेल्या एका ड्रायव्हरकडून त्यांनी ते घेतलं होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, वाटेत एका हिंदुस्थानी माणसाने पाणी आणि पेट्रोलच्या बदल्यात दिलं. माणूस धडधाकट होता, पुढे निघून गेला.

"डॉक्टरताई, आमच्या अब्बांचं घड्याळ अगदी असंच होतं. भावाच्या लग्नात मीच त्याला दिलं. त्याआधी रत्नागिरीच्या बाजारात तबकडी रंगवून घेतली होती. असली घड्याळं आमच्याकडे घरोघरी. पण हे रंगवलेलं निघालं, तर त्याचंच. म्हणजे तो जिवंत आहे, हो ना?"

मी मागचं झाकण काढलं, तबकडी सोडवली आणि भिंगाखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात विनवत होते, देवा, रंगवलेली निघू दे.

भिंगाखाली सगळं शांत होतं. तबकडीवरच्या लाखेच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. अक्षरं रेखीव होती, प्रत्येक रेघ जागच्या जागी. इतकी सुंदर, हात न लागलेली तबकडी मला आजवर बाजारात मिळाली नव्हती. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले, आणि मग मला स्वतःचाच राग आला.

"भाई," मी म्हटलं, "ही मूळचीच आहे. हिला कुणी हात लावलेला नाही."

"नीट बघा ना. अजून एकदा."

मी पुन्हा पाहिलं. त्यांच्यासाठी तिसऱ्यांदाही पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली. भाई स्टुलावर बसले, घड्याळ रुमालात गुंडाळलं, आणि म्हणाले, "फोन करू का इथून? अम्मी कालपासून गावी शेजाऱ्यांकडे फोनपाशी बसलीय. घड्याळ मिळाल्याचं मी बोलून गेलो होतो. गाढव मी."

लाइन लागली. माझ्याकडे न बघता भाई मोठ्याने म्हणाले, "होय अम्मी. त्याचंच आहे. डॉक्टरनी मशीनखाली बघितलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भाईंनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तुम्ही स्वतः बघितलंत काय, बाय?" म्हातारीचा आवाज विचारत होता.

"होय हो अम्मी," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. रंगवलेलीच आहे तबकडी."

मग ती म्हणाली, "बरं झालं. मग मी आता जरा जेवून घेते."