सुमनचं वैदेहीनं चोरलं म्हणे

आदिलाबादच्या बसस्टँडवर हैदराबादची गाडी लागली आणि माझ्या धाकट्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "जाऊबाई, पोरगी शिकाले जाऊन राह्यली, तुमी काऊन चालल्या?" मी म्हटलं, "मग भाकरी कोण थापन तिच्यासाठी? कॉम्प्युटर?" सगळे हसले. आमचे हे तेवढे हसले नाहीत. कचेरीतली नोकरी टाकून त्यांना येता येत नव्हतं. ज्वारीच्या पिठाचं पोतं टपावर चढवून म्हणाले, "पीठ संपायच्या आधी कळव, संपल्यावर नको."

तुम्ही आदिलाबादलाच राहिलेल्या, आणि माझ्यासारख्या कुठं कुठं पांगलेल्या बायांनो, ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर थंडगार खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मला वाटलं, देवघरच आहे. माझी सुमन त्या खोलीत दिवस दिवस बसायची. आपल्या जिल्ह्यातल्या बेज्जूरकडच्या दवाखान्यांतले तापाचे कागद तिनं आणवले होते. पावसानं रस्ते बंद व्हायच्या आधी कोणत्या गावाला किती औषध धाडावं, हे त्या मशिनीकडून काढायचा तिनं एक प्रोग्राम केला. मग त्याच्यावर पेपर लिहिला.

मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पेपर म्हणजे मला बातम्यांचा. सुमननं समजावलं, "आई, आपण काय शोधलं ते छापायचं. दुसऱ्यानं त्याच्यावरून पुढचं काम केलं, की त्यानं आपलं नाव तिथं लिहायचं. जितक्या ठिकाणी नाव, तितका मान." मला लगेच कळलं. लग्नपत्रिकेत भैंशा गावच्या मामाचं नाव राहिलं तर मामा जेवायला येत नाही, तसंच ना!

मग तिचं लग्न झालं. स्थळ यवतमाळचं, जावई हैदराबादेतच बँकेत. आपल्यात रीत आहे, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. विहीणबाईंनी नाव निवडलं, वैदेही. रेशनकार्डावर वैदेही, बँकेत वैदेही, आणि ही शहाणी पुढचे पेपरही वैदेही म्हणूनच छापत गेली! आता ती सरकारनं दवाखान्यांना औषध कसं वाटावं, यावर लिहायची. पण हिशेब जुन्याच प्रोग्रामवर. आणि पोरगी सरळ. जिथं जिथं तो वापरला, तिथं तिथं लिहिलं, ही पद्धत सुमन यांची.

मी लग्नानंतर आदिलाबादला परतणार होते. पण नात झाली, राहिले.

सुमन शिकली त्याच कॉलेजात शिकवायला लागली होती. मग तिथं तिची नोकरी पक्की करायची वेळ आली. पेपर बाहेरच्या एका मोठ्या माणसाकडं तपासायला गेले. त्यानं शेरा मारला की या वैदेहीबाईंचं स्वतःचं काही नाही, सगळी पद्धत कुण्या सुमनची उचलली आहे.

चोरी! माझ्या पोरीवर! नोकरी थांबली ती थांबलीच, वर कॉलेजात कुजबुज सुरू. मी म्हटलं, "अगं, जाऊन सांग ना त्यांना!" तर म्हणते, "सांगितलं आई. त्यांना दोन्ही घरच्यांकडून लेखी पाहिजे." डिग्रीवर सुमन, पगारावर वैदेही, दोन्ही कागद त्यांच्याच कपाटात, आणि पुरावा आम्ही आणायचा! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

विहीणबाई यवतमाळहून आल्या. आम्ही दोघी ऑफिसात जाऊन उभ्या राहिलो. तिथला क्लार्क म्हणाला, "अम्मा, दोनों एकच हैं बोलके कैसा मालूम?"

विहीणबाई म्हणाल्या, "नाव म्या ठेवलं."

मी म्हटलं, "अन् पोरगी म्या वाढवली. आणखी कोणाले बोलावू, सुईणीले?"

विहीणबाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "एवढं रामायण होईन माहीत असतं, तर सुमनच राहू दिलं असतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाईची माया आली.

दोघींनी लिहून दिलं, सह्या केल्या. चोरीचा डाग गेला. आता तरी सुटलो म्हणावं, तर नवीनच! तो बाहेरचा माणूस म्हणे, दोघी एकच असतील तर वैदेहीनं सुमनचं नाव जिथं जिथं लिहिलं ते मोजता येणार नाही, कारण स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं मानात धरत नाहीत. घ्या! दुसरीचं घेतलं तर चोरी, आपलंच घेतलं तर शून्य. त्यात कॉम्प्युटरवाले म्हणतात हे दवाखान्याचं काम, दवाखान्यावाले म्हणतात हे कॉम्प्युटरचं. अरे, मग औषध वेळेवर पोचलं ते कोणाचं काम?

शेवटी परक्या लोकांनी तिचं नाव जिथं जिथं लिहिलं होतं, तेवढं मोजून नोकरी पक्की झाली. एक वर्ष उशिरा. जावयानं पेढे आणले. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

हे आता रिटायर होऊन इकडंच आलेत. आदिलाबादचं घर भाड्यानं दिलंय. तुम्ही विचारता, करमते का तिकडं? सणाला विहीणबाई येतात. स्वयंपाकघरातून मी ओरडते, "सुमे!" व्हरांड्यातून त्या ओरडतात, "वैदेही!" आणि आतून एकच आवाज येतो, "आले, आले." कोणी कागद मागत नाही. माझं घर आता इथंच आहे.