घरचे चतुर, पाहुणे चतुर

"पाहुन्यायले नको मोजू बे!" धानाच्या बांधावर उभा राहून मी उडते चतुर मोजू लागलो की दादा माझे बोट धरून खाली करायचे.

चतुर म्हणजे तोच, लहानपणी आपण ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो. दादा प्लांटात क्रेनवर माझे सीनियर. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी जुनवानी गावामागच्या एका शेताजवळ स्कूटर लावत आणि वही उघडत. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. पाण्यातून काडीवर चढून जो कात टाकून गेला, तो याच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या या तुकड्यात, वाढलेला. "कात दिसली का घरचा. लिही."

नजर चांगली म्हणून त्यांनी मला सोबत घेतले. अक्कल तपासायची राहून गेली.

भादव्यात शेतमालक औषध मारणार होता. दादांनी त्याला रविवारी बोलावले. चतुराची पिल्ले पाण्यात राहतात, किडे आणि डासांच्या अळ्या खातात, हे त्याला डोळ्यांनी दाखवायचे. पटले तर ही एक बांधी तो सोडणार. त्यासाठी दादांनी घरून पांढरी ताटली आणि चहाची गाळणी आणली. वहिनी दोन दिवस बिनगाळलेला चहा देत होत्या.

शुक्रवारी दादांना डोळे तपासायला जायचे होते. काती मोजायचे काम माझ्याकडे आले. मी सेफ्टी शूज घालून बांधीत उतरलो. शूज भरले. मनात आले, पाणीच नसेल तर मोजणे किती सोपे! बांध फोडून पाणी सोडून दिले. शनिवारी पाहतो तर बगळ्यांची पंगत बसलेली. मला वाटले, वा, पक्षीही वहीत लिहिता येतील.

रविवारी दादांनी उरल्यासुरल्या डबक्यात सात वेळा गाळणी बुडवली. ताटलीत चिखल आणि एक गोगलगाय.

"पानी ला कोन छोड दिस?" शेतमालकाने आपल्या बोलीत विचारले.

मी आभाळाकडे पाहू लागलो.

"मीच सोडलं," दादा म्हणाले. "बुढा झालो ना भाऊ, ध्यान नाही राहिलं."

शेतमालकाने फुटलेल्या बांधापर्यंत गेलेले शूजचे ठसे पाहिले. दादांचे अनवाणी पाय पाहिले. मग माझे शूज. हसला. "ठीक हे. ये साल दवई मारहूं. अगले साल फेर देखबो."

परतताना मी म्हणालो, "दादा, तुमी कावून आपल्यावर घेतलं?"

"तुले उद्यापासून त्याच्याच शेतात यायचं आहे. मी काय, पाहुना."

मी त्यांना चेष्टेने म्हटले, "मग तुम्हाले मोजायचं नाही." ते खूप हसले.

दादा चैत्रात गेले. वहिनींनी वही, ताटली आणि गाळणी माझ्याकडे दिली.

भादव्यात शेतमालक आपणहून बांधीवर आला. "दादा नइ आइस?"

"येतील," मी म्हणालो. हे असले मला चटकन सुचते.

तिसऱ्या बुडीला ताटलीत तीन पिल्ले आली. मातकट, चपटी, दिसायला अगदी सुमार. त्यातल्या एकाने वळवळणारी अळी झडप घालून धरली. शेतमालक उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"ए बांधी म दवई नइ डारंव," तो उठत म्हणाला. "दादा ला बता देबे."

"हव," मी म्हणालो आणि ताटली हळूच पाण्यात रिकामी केली.