उन्हाळ्यात कामाले गेलेल्या पोरी

"हे पाणी फेका. नवीन भरा."

एवढंच म्हणाल्या त्या. आवाज चढवला नाही. नवरीच्या मोठ्या काकू होत्या. त्याआधी मला जवळ बोलावून त्यांनी हसत विचारलं होतं, "कोनाची वं तू? आडनाव काय तुहं?" मी सांगितलं. पाण्याचा जग माझ्या हातात होता. त्यांचं हसू तसंच राहिलं. फक्त ग्लास धरलेला हात मागे गेला.

केटरिंगच्या ठेकेदाराने दोन माणसं लावली. त्यांनी मंगल कार्यालयाच्या मागे थंड पाण्याचा ड्रम आडवा केला. पाणी तापलेल्या सिमेंटवरून धावत गेलं आणि बघता बघता वाळलं. मे महिना. आमच्या वस्तीत कित्येक दिवस नळ आला नव्हता. माय सकाळपासून टँकरची वाट बघत उभी होती. आणि इथं माझ्या आडनावापायी ड्रमभर पाणी जमिनीवर.

मी सोळा वर्षांची. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. अंगात ठेकेदाराने दिलेलं लाल जाकीट.

"तू आता ताटं उचल," ठेकेदार म्हणाला. "पाण्याकडे जाऊ नको. लोकायचं मन सांभाळा लागते."

लोकांचं मन. माझं त्याने कशात धरलं होतं, कोण जाणे.

माझ्यासोबत प्रतीक्षा होती. आमच्याच गल्लीतली, पहिलीपासून माझ्या बाकावरची. तिनं जाकीट काढलं, खुर्चीवर टाकलं. "चाल, जाऊ घरी."

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "जा नं. पन मंग तुमच्या गल्लीतल्या कोनालेच बोलावनार नाही. सराई संपेपर्यंत."

आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच्याच गाडीत बसून कामाला जात. प्रतीक्षाची धाकटी बहीण त्या वेळी आत भांडी घासत होती. प्रतीक्षाने जाकीट परत चढवलं. दोघी ताटं उचलत राहिलो. पंगतीत आमच्या वर्गातली एक मुलगी होती. मला बघून तिनं मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. तिचं उष्टं ताट मीच उचललं.

हे बुलढाणा जिल्ह्यातलं एक शहर आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची शहरं सुटतात.

इथं सुट्टी सगळ्यांना सारखी लागते, पण सारखी जात नाही. कॉलनीतल्या पोरांना शिबिरं असतात, पुण्याची मावशी असते. आमच्या पोरांना वीटभट्टी, रसवंती, लग्नसराई. पोरींना तर घर. सोळा वर्षांची पोरगी घरात रिकामी दिसली की नातेवाइकांच्या डोळ्यावर येते, कुठून तरी स्थळ चालून येतं. त्यापेक्षा ठेकेदाराची गाडी बरी वाटते. त्या गाडीत फक्त आम्हीच नसतो. मोहल्ल्यातल्या मुसलमान पोरी असतात, पालावरची पोरं असतात. गरिबाची सगळी लेकरं असतात.

पुढच्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली. प्रतीक्षा एकटीच गेली.

तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे मैदानावर धावायची. पोरं मागे पडायची. धावून आली की आमच्या दारात उभी राहून घटाघटा पाणी प्यायची आणि म्हणायची, "वर्दी घातली का पयले त्या कार्यालयात जातो. पाहू कोन आडनाव विचारते."

वरवट बकालकडे एका शेतातल्या मांडवात लग्न होतं. आचाऱ्याकडे माणूस कमी पडला म्हणून ताटं उचलायला नेलेल्या प्रतीक्षाला भट्टीजवळ उभं केलं. पुऱ्यांची कढई कलंडली. उकळतं तेल. डावी मांडी, गुडघा, पाऊल.

ठेकेदाराच्या गाडीने तिला सरकारी दवाखान्याच्या फाटकात उतरवलं आणि गाडी निघून गेली. तिचे बाबा तक्रार द्यायला गेले तेव्हा ठेकेदाराने सांगितलं, "आमच्याकडे कामाले नव्हतीच ती. जेवाले आली असन."

जेवायला. बाबांनी घरी येऊन तो शब्द सांगितला, तेव्हा तिच्या आईनं पदर तोंडात कोंबला.

पाय वाचला. गुडघा वाकत नाही. पोलीस भरती गेली. कॉलेजचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तेही सुटलं. आज ती दारात बसून ब्लाउजला हूक लावते. वस्तीतल्या पोरी धावायला निघाल्या की आत जाते. आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही.

मी शिकले. एका खाजगी शाळेत शिकवते. संध्याकाळी विहारात पोरांची अभ्यासिका घेते. यंदा परीक्षा संपल्यावर तिथल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, घरी नुसतं बसून काय करू? ठेकेदाराकडे जाऊ का?"

हो म्हणवेना. नाही म्हणायचं तर तिच्या हातावर ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मग ठरवलं, नगरपरिषदेत जायचं.

मागणी साधी होती. शहरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना नगरपरिषदेने सुट्टीत स्वतःच्या खर्चाने काम द्यावं. वाचनालयात. रोपवाटिकेत. अंगणवाडीत लेकरांना गोष्टी सांगायला. दवाखान्यात म्हाताऱ्यांचा हात धरायला. सकाळच्या वेळात. हजेरीला नाव, म्हणजे उद्या कोणी म्हणणार नाही की ही जेवायला आली होती.

जायच्या आदल्या दिवशी प्रतीक्षाकडे गेले. "येतं का सोबत?"

ती हूक लावत राहिली. "माहा पाय दाखवाले मी येनार नाही."

"दाखवू नको. नुसती बस."

"नाही. तू जाय. माहं नाव घेऊ नको." दोरा दातानं तोडून म्हणाली, "अन् तेथं रडू नको."

नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या दालनात एसी होता. त्यांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकायच्या पोरायले कामाची काय कमी? लग्नसराई हाय. ठेकेदार मानसं शोधत फिरून राह्यले."

"तिथं आमची एक मुलगी भाजली, साहेब."

"कोन? आना तिले. पाहू तर द्या. तसं काही दिसलं तर सभेत विषय घेता येईन."

माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता. दवाखान्यातला, पट्टी सोडलेला पाय. बोट फिरवायचा अवकाश होता. त्यांनी मान पुढे केली होती, जवळ बसलेल्या नगरसेवकानेही. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"ती दाखवायची वस्तू नाही," मी म्हणाले. "पाय बघितल्याशिवाय खरं वाटत नसेल, तर बघूनही वाटणार नाही."

मग अध्यक्ष हसले. "बरं. माझ्या पेट्रोल पंपावर दोन-चार पोरं ठेवतो. तुम्ही सांगसान ती. झालं?"

"घ्या मॅडम," नगरसेवक म्हणाला. "साहेबांचा मोठेपणा आहे."

मी पर्स खांद्याला अडकवली.

"नको साहेब. उपकार नको. ठेकेदाराच्या गाडीतून उतरवून पोरं तुमच्या दारात उभी करायला मी आले नाही. माझी माय घरपट्टी भरते. वाचनालय तिचं पण आहे. त्या पैशातलं काम पाहिजे. सगळ्या वॉर्डातल्या पोरांना."

चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरून रस्त्यावर आले. रडले नाही.

विषय सभेत आलाच नाही. निधी नाही, असं शिपायाकडून कळलं. त्याच आठवड्यात चौकातल्या कारंज्याचं उद्घाटन झालं. ज्या पोरीनं मला विचारलं होतं, तीही लाल जाकीट घालून गाडीत चढली. मी कोपऱ्यावर उभी होते. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. ती परत येईपर्यंत रोज माझा जीव थाऱ्यावर नसतो. फोन वाजला की आधी तेलाची कढई दिसते.

आता दालनात जाणार नाही. सोमवारपासून अभ्यासिका विहारात भरणार नाही, नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर भरेल. भर उन्हात, ऑफिसच्या वेळेत, पुस्तकं उघडून. ज्याला आत जायचं त्यानं आमच्या पोरांना ओलांडून जावं. हाकललं तर रस्त्यावर बसू. पोलीस आले तर त्यांच्यासमोर धडे वाचू. काम मिळेपर्यंत मी उठणार नाही. आणि विचारलं तरी कोणाचाही पाय दाखवणार नाही.